खंडागळ्यांचा हत्ती आणि अकरा अक्षरांचा शब्द

मुलांनो, तुमच्या वह्यांना कव्हर कशाचं असतं? दुकानातल्या तपकिरी कागदाचं असेल तर छानच. आमच्या शाळेत मात्र निम्म्याहून जास्त वह्या वर्तमानपत्राची कव्हरं घालून येतात. त्यामुळे वह्या तपासता तपासता माझं वाचनही होतं! कुणाच्या भूगोलावर सोयाबीनचे भाव, तर कुणाच्या गणितावर क्रिकेटचा धावफलक.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातलं, सिंदखेड राजापासून तासाभराच्या अंतरावर. मी सातवीच्या वर्गाला शिकवते. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीच्या वहीवर चक्क इंग्रजी पेपर दिसला. तिचे मामा पुण्याला असतात, त्यांच्याकडून आलेल्या सामानाला गुंडाळलेला कागद होता तो. त्यावर मोठ्या ठशात एक लांबलचक शब्द. त्याच्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

शब्दाची अक्षरं अशी होती : आय, एन, टी, ई, आर, एन, ई, सी, आय, एन, ई. मोजा पाहू. अकरा! इंग्लंडमध्ये त्याचा उच्चार साधारण 'इंटरनीसाइन' असा करतात, अमेरिकेत पुष्कळ जण 'इंटरनेसीन' म्हणतात. पुढे दुसरा शब्द होता 'वॉर', म्हणजे युद्ध. तो सगळ्यांना येत होता.

आता खरं सांगू? मला तो पहिला शब्द येत नव्हता. मी डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका. पण अख्खा वर्ग तोंडाकडे बघत असताना 'मला येत नाही' म्हणायला जीभ वळेना. मी ठोकून दिलं, "अगं, सोपं आहे. इंटर म्हणजे आंतर. इंटरनॅशनल म्हणजे आंतरराष्ट्रीय, तसंच हे. दोन देशांमधलं युद्ध!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी घरी शब्दकोश उघडला आणि कान गरम झाले. अर्थ नेमका उलटा होता. दोन परक्या देशांचं युद्ध नव्हे, तर एकाच देशातल्या, एकाच घराण्यातल्या, एकाच गटातल्या माणसांनी आपसात केलेला झगडा. आणि झगडाही साधासुधा नाही. दोन्हीकडची माणसं मारणारा, दोन्ही बाजूंचं वाटोळं करणारा.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, फळ्यावर खरा अर्थ लिहिला आणि मुलांना म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं. खोडा ते." मग विचारलं, "आता सांगा बरं, आपल्याच माणसांशी आपलंच भांडण, याचं एखादं उदाहरण?"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. सगळ्या माना हळूच दोन मुलांकडे वळल्या. हजेरीपटावर त्यांचे क्रमांक अकरा आणि बारा आहेत, म्हणून आपण त्यांना अकरा आणि बाराच म्हणू. आडनाव एक, आजोबा एक. सख्खे चुलतभाऊ. पण एक पहिल्या बाकावर बसतो, दुसरा शेवटच्या. त्यांच्या वडिलांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. हा धुरा नांगरताना हातभर सरकला, की मुळात तिथेच होता, यावरून त्या वर्षीच्या पेरणीच्या दिवसांत दोघा भावांची जुंपली. फावड्याच्या दांड्याने एकाचा हात मोडला. पोलीस आले, केस झाली, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तेव्हापासून ही दोन पोरं एकमेकांशी बोलत नव्हती. मी हजेरी घेते तेव्हा "हजर", "हजर" असे त्यांचे आवाज लागोपाठ येत, तेवढाच काय तो संबंध.

मी घाईघाईने विषय बदलला. पण मनात म्हटलं, उदाहरण शोधायचं तर दुसरं शोधावं. आणि ते आमच्या जिल्ह्यातच होतं. ते सांगतेच, पण आधी या शब्दाची जन्मकथा ऐका.

मोठ्या माणसाची चूक

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. इंग्रजीत तो आणला सॅम्युएल बटलर नावाच्या कवीने, आपल्या 'हुडिब्रास' या विनोदी दीर्घकाव्यात, १६६३ साली. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता : जीवघेणं, प्राण घेऊनच थांबणारं. आपसातलं की परक्याशी, याचा काही संबंध नव्हता.

पुढे लंडनमध्ये डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन नावाचे मोठे विद्वान झाले. त्यांनी काही मदतनीस हाताशी धरून आठ-नऊ वर्षं खपून इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश तयार केला. तो १७५५ साली छापला गेला. त्यात चाळीस हजारांहून जास्त शब्द आहेत. या आपल्या शब्दापाशी आल्यावर जॉन्सनसाहेबांनी काय केलं असेल? 'इंटर' म्हणजे 'एकमेकांमध्ये' असं धरलं आणि अर्थ दिला : एकमेकांचा नाश करू पाहणारं.

म्हणजे माझ्यासारखेच तेही 'इंटर'वरून घसरले! लॅटिनमध्ये 'इंटर'चा अर्थ बऱ्याचदा 'मध्ये' असा असतो हे खरं, पण काही क्रियापदांना लागला की तो 'पार', 'पुरतं' असा जोर देतो. नाही कळलं? आपल्या मराठीत बघा. 'टाकणे' म्हणजे खाली सोडणे, फेकणे. पण 'मारून टाकलं' म्हणताना आपण काही मारून फेकून दिलं असं म्हणत नाही. पुरतं मारलं, असं म्हणतो. एखाद्या परदेशी माणसाने त्याचा अर्थ 'मारलं आणि मग फेकलं' असा लावला तर आपल्याला हसू येईल. जॉन्सनसाहेबांचं तसंच झालं.

पण गंमत अशी, की त्यांच्या शब्दकोशाचा दरारा मोठा. पुढच्या कोशकारांनी तोच अर्थ उचलला, लिहिणाऱ्यांनी तो वापरला आणि हळूहळू 'एकाच गटातल्या माणसांचा आपसातला' हाच अर्थ पक्का झाला. आज तोच बरोबर आहे. शब्दांचं असंच असतं. सगळे मिळून जो अर्थ वापरतात, तो त्यांचा होतो. (माझी चूक मात्र चूकच राहिली. तिला कुणी उचललं नाही!)

आणखी एक गोष्ट. या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या नात्यातले आहेत. लॅटिन 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' हे भाषांच्या घराण्यात भाऊ-भाऊ. पुढच्या तुकड्यातलं 'नेक्' म्हणजे मरण. त्याचा भाऊ म्हणजे संस्कृतातला 'नश्' हा धातू. त्याच्यापासूनच नाश, विनाश आणि आईच्या तोंडचं "दूध नासलं" हेही. म्हणजे परका वाटणारा हा शब्द आपल्याच गोतावळ्यातला निघाला.

आपल्याकडे काय म्हणतात?

आता मराठीत याला काय म्हणावं? भाऊबंदकी? ती साधारणपणे जमीनजुमला, वाटण्या, मानपान यांवरून होते आणि प्रत्येक वेळी रक्त सांडतंच असं नाही. गृहकलह? तो घराच्या भिंतीआड राहतो. बंडाळी? तिच्यात राजाविरुद्ध कुणीतरी उठलेलं असतं.

अगदी जवळचा शब्द आहे 'यादवी'. महाभारतातल्या सोळाव्या पर्वात, मौसलपर्वात, ही गोष्ट येते. भारतीय युद्धानंतर छत्तीस वर्षांनी यादव लोक समुद्रकाठी प्रभासक्षेत्री जमले. तिथे मद्य पिऊन सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुनं उणंदुणं निघालं. सात्यकीने कृतवर्म्याचं डोकं उडवलं. मग बाकीचे तुटून पडले. काठावरचं लव्हाळं उपटलं की त्याचं मुसळ व्हायचं आणि त्या मुसळांनी बापाने मुलाला, भावाने भावाला मारलं. बाहेरचा शत्रू एकही नव्हता, तरी कुळ संपलं.

बघा, लॅटिनमधला जुना अर्थ 'शेवटापर्यंत मारणारं' आणि जॉन्सनसाहेबांचा 'आपसातलं', हे दोन्ही आपल्या एका 'यादवी' शब्दात आधीपासून आहेत.

हत्ती सुटला

डिसेंबरात आमची सहल सिंदखेड राजाला गेली. जिजाऊंचं हे माहेर. त्यांचे वडील लखुजीराव जाधव इथले मोठे सरदार. सिंदखेडचे हे जाधव देवगिरीच्या यादवांचे वंशज मानले जातात. म्हणजे घराण्याच्या नावातच यादव!

राजवाडा पाहून झाल्यावर आम्ही लखुजीराजांच्या समाधीपाशी गेलो. सावलीला बसून मी मुलांना गोष्ट सांगितली. ती 'शिवभारत' या ग्रंथात आहे. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी तो संस्कृतात लिहिला.

दौलताबादला, म्हणजेच जुन्या देवगिरीला, निजामशहाचा दरबार भरला होता. दरबार संपला आणि सगळे सरदार आपापल्या लव्याजम्यासह बाहेर पडू लागले. हत्ती, घोडे, पालख्या, माणसं, अशी ही गर्दी. तेवढ्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवत सुटला. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी त्या हत्तीला आवरायला पुढे झाला आणि त्याच्यावर वार करू लागला. खंडागळ्यांच्या बाजूने धावले विठोजी भोसल्यांचे मुलगे, संभाजी आणि खेळोजी. विठोजी हे शहाजीराजांचे काका, म्हणजे ही मुलं शहाजीराजांची चुलतभावंडं. जिजाऊंचे चुलत दीर.

हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसल्यांचीच जुंपली. संभाजीच्या हातून दत्ताजी मारला गेला. लखुजीराव पुढे निघून गेले होते. मुलगा गेल्याचं कळताच ते संतापाने उलटे फिरले. शहाजीराजे भावाच्या मदतीला आले होते. सासऱ्याच्या वाराने जावई जखमी होऊन बेशुद्ध पडला. आणि लखुजीरावांनी संभाजीला ठार केलं.

मुलांनो, आता जिजाऊंच्या जागी उभं राहून बघा. एका दुपारीत सख्खा भाऊ गेला, दीर गेला, नवरा जखमी. आणि तलवारी कुणाच्या? एक सासरची, एक माहेरची. शोक करायचा तर कुणाच्या दारात बसून?

प्रकरण तिथेच मिटलं नाही. लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. १६२४ साली भातवडीला लढाई झाली तेव्हा सासरा मोगलांच्या बाजूला होता आणि जावई निजामशाहीच्या. पुढे लखुजीराव परत निजामशाहीत आले. पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेलेले असताना, निजामशहाच्या इशाऱ्यावरून त्यांना मारण्यात आलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. यादवांच्या जुन्या राजधानीतच यादवांचं रक्त सांडलं.

यानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. आपलेच सरदार मारणारी ती सत्ता कितीशी टिकणार? १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी जिंकलं आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. लखुजीराजे गेले तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. या शिवबांनी पुढे मावळातल्या विखुरलेल्या माणसांना एका झेंड्याखाली आणलं. आपल्या माणसांनी आपल्या माणसांना मारलं की काय उरतं, हे त्यांच्या आईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण मी मुलांना त्या समाधीपाशीच समजावून सांगितली. लाकूड तोडणाऱ्या कुऱ्हाडीचा दांडाही लाकडाचाच असतो. 'दांडा' म्हटल्यावर माझीच जीभ अडखळली. अकराने मान खाली घातली होती.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अकरानेच विचारलं, "मॅडम, अन् त्या हत्तीचं काय झालं?"

मी गप्प. एवढी माणसं मेली, पण ज्याच्यापायी मेली तो हत्ती माझ्या डोक्यातून केव्हाच गेला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "काय होईल? गेला असंल घरी, माहुतासंगं. चारा खाल्ला असंल अन् झोपला असंल."

तो बारा होता. सगळा वर्ग खो खो हसला. अकराही हसला, आणि हसता हसता त्याने मागे वळून बघितलं. पेरणीनंतर पहिल्यांदा.

कुठे वापरायचा, कुठे नाही

आता हा शब्द वापरायचा कसा ते नीट लक्षात ठेवा. हे विशेषण आहे. ते युद्ध, झगडा, वैर, संघर्ष अशा नामांना लागतं. म्हणून इंग्रजीत 'इंटरनीसाइन वॉर', 'इंटरनीसाइन फ्यूड' असं म्हणतात. माणसाला मात्र ते लावत नाहीत. 'तो मुलगा फार इंटरनीसाइन आहे' असं कुणी म्हणत नाही. वापरण्याआधी दोन प्रश्न विचारा. भांडणारे एकाच घरचे, गटाचे, सत्तेचे आहेत का? आणि त्यात दोघांचाही नाश आहे का?

आमच्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला मुबारिजखान. दोघेही एकाच मोगल बादशहाचे सरदार. मुबारिजखान मारला गेला आणि निजाम दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. बादशाहीचेच दोन सरदार लढले आणि बादशाहीच्याच हातून दक्खन निसटली. इथे आपला शब्द चपखल बसतो.

आता तुमची पाळी. खालीलपैकी कुठे हा शब्द चालेल?

१. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१ : मराठे आणि अहमदशहा अब्दाली.
२. पेशव्यांच्या घरातला काका-पुतण्याचा वाद, ज्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला.
३. वाघाने हरणाची केलेली शिकार.
४. एकाच राजकीय पक्षातल्या दोन गटांची तिकिटासाठी चाललेली हाणामारी.

उत्तरं : पहिल्याला नाही, कारण दोन्ही पक्ष वेगळ्या सत्तांचे. दुसऱ्याला होय. तिसऱ्याला नाही, तिथे भांडणच नाही, भूक आहे. चौथ्याला होय, तिथे माणसं मरत नाहीत, पण पक्ष मात्र पोखरला जातो. वर्तमानपत्रांत हा शब्द बहुतेक वेळा याच अर्थाने येतो. त्या मुलीच्या वहीवरची बातमीसुद्धा अशीच एका पक्षाची होती.

जाता जाता, पालकांसाठी

सहलीनंतर आमच्या वर्गात एक नवा वाक्प्रचार रूढ झाला आहे. खो-खोच्या मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी कुठे दोघांची बाचाबाची सुरू झाली, की तिसरा ओरडतो, "ए, हत्ती सुटला बरं का!" मग भांडणाऱ्यांनाही हसू येतं आणि भांडण कशावरून निघालं होतं ते आठवावं लागतं. बऱ्याचदा आठवतच नाही.

अकरा आणि बारा यांच्या वडिलांच्या तारखा अजून चालू आहेत. धुरा जिथे होता तिथेच आहे, त्याच्यावर गवत उगवलं आहे. ते प्रकरण माझ्यासारख्या शिक्षिकेच्या हातातलं नाही, आणि मुलांच्याही नाही. पण परवा मधल्या सुट्टीत मी पाहिलं, बाराच्या डब्यातली मिरचीची चटणी अकराच्या भाकरीवर होती. मी तिकडे न बघितल्यासारखं करून पुढे गेले.

आईबाबांनो, एक विनंती आहे. मुलं आपल्या घरातलं सगळं ऐकत असतात. कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या अंगणात जायचं नाही, हे त्यांना न शिकवताच कळतं. आज रात्री जेवताना त्यांना खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट सांगायला सांगा. ती सांगून झाली की तुमचं मूल बहुतेक विचारील, "आपल्या घरात पण असा हत्ती आहे का?"

उत्तर आधीच शोधून ठेवा.